उर्विकच्या अर्जाचे दुसरे पान

उर्विक पंचायत बंद व्हायला दोन महिने उरले होते आणि तिच्या आठवणीचा दगड शाळेच्या आवारात येऊन उभा राहिला होता. सरपंच टोर्लाइफने तो स्वतःच्या ट्रॅक्टरने डोंगरातून ओढत आणला. वाटेत दोन कुंपणे मोडली आणि पंचायत सदस्य एलिंगची एक मेंढी घाबरली, त्यापलीकडे काही नुकसान झाले नाही. पाथरवटाने वरच्या बाजूला ‘उर्विक’ एवढी अक्षरे कोरली आणि तो घरी गेला, कारण पुढचा मजकूर मास्तरांकडून यायचा होता. मास्तरांकडून तो येत नव्हता.

मास्तर म्हणजे शूर टेइगेन. हे नाव दूर उत्तरेच्या त्या भागात पिढ्यान् पिढ्या ठेवतात, आणि आपल्याला वाटतो तो अर्थ त्याला नाही. असता, तर या माणसाला ते कुणी ठेवले नसते. एक्केचाळीस वर्षे त्याने उर्विकच्या पोरांना शिकवले. सरपंचाला तर त्याने वर्गाबाहेर इतक्या वेळा उभे केले होते की समोरच्या डोंगरावरची एकेक घळ सरपंचाला तेव्हापासून पाठ होती. निवृत्तीच्याही आधीपासून, गेली अकरा वर्षे, मास्तर गावाचा इतिहास लिहीत होता. सहाशे चाळीस पाने झाली होती. सगळी घरे, सगळी घराणी, कोण कुणाचा आणि कोण अमेरिकेला गेला, सगळे त्यात होते. १९११ साली हद्दीच्या खुणेवर मेलेला देवमासा येऊन लागला, तेव्हा तो आमचा नव्हेच असे उर्विक आणि लांगनेस या दोन्ही पंचायतींनी एकमेकांना चौदा पत्रांतून कळवले होते. त्या चौदा पत्रांचे एक स्वतंत्र प्रकरण होते. देवमासा आठव्या पत्रापर्यंतच टिकला.

फक्त पहिले प्रकरण राहिले होते.

उर्विकमध्ये माणसे तीनशे सत्त्याऐंशी. खाडीपलीकडे लांगनेस. तिथे माणसे तीन हजार, शिवाय दूधडेअरी, डॉक्टर आणि आगबोटीचा धक्का. राजधानीतल्या समितीने नकाशावर बोट ठेवून ठरवले की एवढ्याशा उर्विकला वेगळी पंचायत कशाला, १९६४च्या पहिल्या तारखेपासून ती लांगनेसमध्ये जाईल. उर्विकने विरोध केला. विरोधाची नोंद घेतल्याचे पत्र आले. तिकडे गोष्टी अशाच शांतपणे होतात.

पण उर्विकपाशी एक गोष्ट होती, जी समितीला काढून घेता येत नव्हती. आपण लांगनेसच्या तावडीतून स्वतःहून सुटलो, ही. १८९५ साली मोन्स टेइगेन नावाच्या शेतकऱ्याने एकट्याने अर्ज लिहिला, खाडी ओलांडून टपालात टाकला आणि गाव वेगळे केले. मोन्स पहिला सरपंच झाला, सतरा वर्षे राहिला. त्याचा दाढीवाला फोटो शाळेतल्या सभेच्या खोलीत होता आणि त्याखाली चौकटीत अर्जाची नक्कल, जी मंजुरीच्या हुकुमासोबत आली होती. गावातल्या प्रत्येक पोराला तो अर्ज तोंडपाठ होता. पाठ करून घेणारा मास्तर मोन्सचाच मुलगा होता.

शूर एकोणीस वर्षांचा असताना बाप गेला. बापाचे त्याच्याशी जेवढे बोलणे झाले तेवढे एका पानावर मावले असते, आणि त्यातले निम्मे मेंढ्यांबद्दल होते. म्हणून त्याने बापाला फोटोतून आणि अर्जातून ओळखले. अर्ज असा संपत होता:

‘मध्ये खाडी आहे. हिवाळ्यात होडी घालता येत नाही. आमच्या अडचणी लांगनेसला कळत नाहीत. सबब आमची नम्र विनंती आहे की उर्विक आणि लांगनेस यांनी आपसांत वाटून घ्यावे’

शेवटी पूर्णविराम नव्हता. ही गोष्ट मास्तरच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. दरवर्षी तो पोरांना सांगे, ‘माझे वडील घाईत होते. तुम्ही घाईत नाही. तुम्ही पूर्णविराम द्यायचा.’

पुस्तकात छापायला मूळ अर्जाचा फोटो हवा म्हणून त्याने सरकारी दप्तरखान्याला लिहिले होते. मंगळवारी दुपारी उत्तर आले. पाकिटातून दोन फोटो निघाले.

‘एकच मागितला होता,’ शूर म्हणाला.

त्याची बायको योरुन खिडकीपाशी टेलिफोनच्या खटक्यांसमोर बसली होती. गावाची टेलिफोनची जोडणी त्यांच्या स्वयंपाकघरातच होती. उर्विकमध्ये कुणालाही कुणाशी बोलायचे तर आधी योरुनशी बोलावे लागे. बावीस वर्षांत तिने एकाचेही बोलणे ऐकले नव्हते आणि तिला सगळे माहीत होते.

‘दुसरा फुकट दिला असेल,’ ती म्हणाली. ‘बघ तरी.’

शूरने चष्मा पुसला आणि बघितले. मग चष्मा पुन्हा पुसला. दुसऱ्या फोटोत दुसरे पान होते. अक्षर बापाचेच. सुरुवात मधूनच होती:

‘सुईणबाईंना. म्हणजे त्या सहा महिने लांगनेसला राहतील आणि सहा महिने आमच्याकडे, आणि हिवाळ्याचे सहा महिने आम्हांला मिळाले तर फार उपकार होतील. यंदा आमच्याकडे चार बायका गरोदर आहेत, त्यांतली एक माझी आहे. ती अंगाने बारीक आहे. मला फार भीती वाटते. आपला आज्ञाधारक, मोन्स टेइगेन.’

त्यानंतर पूर्णविराम होता.

दप्तरखान्यातल्या बाईंनी सोबत चिठ्ठी जोडली होती: ‘हे पान सुईणी, देवीची लस व गुरांचे रोग या गठ्ठ्यात सापडले. त्यात सुईणीचा उल्लेख असल्याने त्या वेळी कुणीतरी ते तिकडे लावले असावे. शाईचा एक डाग दोन्ही पानांतून आरपार गेला आहे, तेव्हा शंका नसावी. पुस्तकाला शुभेच्छा.’

त्यांच्या भाषेत ‘देले’ म्हणून क्रियापद आहे. तोडून वेगळे करणे त्यात बसते आणि मिळून वापरणेही बसते. आपल्याकडे भाऊ शेत वाटून घेतात आणि भाकरीही वाटून घेतात, तसेच. जिल्ह्याच्या कचेरीत पहिले पान वाचणाऱ्या कारकुनाने शेत धरले. मोन्सने भाकर लिहिली होती.

योरुनने दोन्ही पाने वाचली आणि टेबलावर डोके टेकून हसू लागली. मागे खटका वाजत होता, तोही तिने वाजू दिला.

‘हसण्यासारखं काय आहे त्यात?’

‘सुईण मागितली आणि पंचायत मिळाली!’ योरुन डोळे पुसत म्हणाली. ‘अरे, तुझ्या आईला कळा येत असणार आणि सरकार म्हणतंय घ्या, निवडणूक घ्या!’

‘योरुन, गाव मरायला टेकलंय. आणि मी उठून सांगू की ते जन्मलंच नव्हतं? कारकुनाच्या चुकीनं झालं होतं?’

‘गावाचं सोड. तुला वडिलांची लाज वाटतेय.’

शूरने ते पान साखरेच्या भांड्याखाली सरकवले. त्याला खरोखर तेच वाटत होते. गुरुवारी शेवटची सभा होती. तिथे त्याने दगडाचा मजकूर वाचायचा होता. मजकुरात बापाचे नाव येणार होते, आणि ते एकदा दगडात गेले की राजधानीतली कुठलीच समिती ते पुसू शकणार नव्हती. आता हे दुसरे पान बाहेर आले, तर फोटोतला दाढीवाला पुढारी आयुष्यभर एका गैरसमजावर बसलेला माणूस ठरणार होता. लांगनेसवाले तर शंभर वर्षे हसतील. ते तसेही हसतात, पण त्यांना कारण द्यायची काय गरज?

‘पान परत गठ्ठ्यात घालायला सांगू?’ योरुनने विचारले. ‘सांगते मी. नंबर आहे माझ्याकडे.’

‘चेष्टा पुरे.’

‘चेष्टा नाही. तुला हवं ते कर. मी काही ऐकलं नाही, मी फक्त जोडून देते.’ आणि तिने खटका उचलला. ‘उर्विक. हां, टोर्लाइफ, आहे घरी. नाही, काही झालं नाही, मी अशीच हसतेय. ये.’

टोर्लाइफ दहा मिनिटांत आला. त्याने दारात बूट काढले, टोपी हातात धरली आणि पाकळीसारखी दुमडलेली मऊ पोळी, लेफ्से, आत तपकिरी चीज घातलेली, खायला मिळेपर्यंत कामाचे काही बोलला नाही. खाडीच्या दोन्ही बाजूंना ही रीत सारखीच आहे. ती वेगळी करायला कुणीच अर्ज केला नव्हता.

‘मास्तर, पाथरवट रागावलाय,’ तो तोंड पुसत म्हणाला. ‘म्हणतो, आजोबांच्या थडग्याचा दगड थांबलाय माझ्याकडे, तुमचं लवकर द्या.’

‘कुणाच्या आजोबांच्या?’

‘लांगनेसच्या कुणाच्या तरी. थांबू दे. पण मी विचार केलाय बघा. असं लिहायचं: “मोन्स टेइगेन यांच्या पुढाकाराने उर्विकची जनता स्वेच्छेने लांगनेसपासून वेगळी झाली.” स्वेच्छेने हा शब्द हवाच. आता आपल्याला अनिच्छेने घालतायत ना, म्हणून. वाचणाऱ्याला फरक कळला पाहिजे.’

‘स्वेच्छेने,’ शूर म्हणाला.

‘स्वेच्छेत रफार बिफार असतो का?’

‘नसतो.’

‘मग तोच. पाथरवटाला अक्षरं जितकी कमी तितकं बरं.’ टोर्लाइफ जरा घुटमळला. ‘मास्तर, तुम्ही मला फार वेळा बाहेर उभं केलंत. पण तुमच्या वडिलांचा तो अर्ज मला अजून येतो. सभेत कुणी आडवं आलं की मी वर फोटोकडे बघतो. वाटतं, एकट्या माणसानं हे केलं, तर आपण निदान एलिंगला गप्प करू शकू.’

‘करतोस?’

‘नाही. पण बघतो.’

ते दुसरे पान सगळा वेळ साखरेच्या भांड्याखाली होते. योरुनने सरपंचाला दोनदा साखर वाढली आणि दोन्ही वेळा भांडे जरा जास्तच उचलले. शूरने दोन्ही वेळा ते खाली दाबले. पण टोर्लाइफला साखरेशिवाय काही दिसले नाही.

तो गेल्यावर शूरने कागद घेतला आणि एक ओळ लिहिली, ‘मोन्स टेइगेन यांच्या पुढाकाराने.’ मग ‘स्वेच्छेने’ लिहिले आणि खोडले. मग पुन्हा लिहिले. एक्केचाळीस वर्षांत दुसऱ्याच्या वहीत त्याने इतकी खाडाखोड चालू दिली नसती.

गुरुवारी दुपारी तीनला सभा भरली. पंचायतीचे अकरा सदस्य पोरांच्या बाकांवर बसले होते, गुडघे वर करून, जसे सदुसष्ट वर्षे बसत आले. मागे गावातली आणखी तीस-चाळीस माणसे उभी होती. कोपऱ्यात म्हातारी गुरो कॉफी करत होती. गुरोचे वय त्र्याऐंशी. पंचायतीच्या प्रत्येक सभेला गेली चाळीस वर्षे तीच कॉफी करी आणि एकदाही मध्ये बोलली नव्हती. कॉफी कडू झाली की लोक समजत, आजचा ठराव गुरोला पटलेला नाही.

‘आता मास्तर दगडाचा मजकूर वाचतील,’ टोर्लाइफ म्हणाला. ‘त्याआधी रिवाजाप्रमाणे अर्ज.’

शूर उठला. एका खिशात ती ओळ होती आणि दुसऱ्या खिशात ते पान. अर्ज त्याला बघावा लागत नव्हता. सगळी खोली त्याच्यासोबत ओठ हलवत होती. खाडी आली, हिवाळा आला, अडचणी आल्या. ‘सबब आमची नम्र विनंती आहे की उर्विक आणि लांगनेस यांनी आपसांत वाटून घ्यावे’. इथे तो दरवर्षी आवाज खाली आणी, जिथे बापाने पूर्णविराम दिला नव्हता तिथे तो स्वतःच्या आवाजाने देई. एक्केचाळीस वेळा दिला होता. या खेपेला आवाज खाली येईना. वाक्य संपलेले नाही हे माहीत असताना ते संपवून दाखवणे त्याला जमेना. हे शौर्य वगैरे नव्हते. ही मास्तरकीची खोड होती.

‘सुईणबाईंना,’ तो म्हणाला, आणि पान काढून शेवटपर्यंत वाचले. भीती वाटते इथपर्यंत, सहीपर्यंत. मग दप्तरखान्याची चिठ्ठीही वाचली, गुरांच्या रोगांसकट.

कोपऱ्यात किटलीचे झाकण वाजत होते.

‘काय म्हणाला?’ एलिंगने मोठ्याने विचारले. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नसे आणि उजव्या कानाने पटत नसे.

‘सुईण!’ शेजारचा ओरडला.

‘कुणाला दिवस गेलेत?’

पहिल्यांदा मागच्या बायका हसल्या. मग बाके हसली. शूर पान हातात धरून उभा होता आणि फोटोकडे बघायचे टाळत होता.

टोर्लाइफ हसला नाही. तो फोटोकडेच बघत होता. ‘म्हणजे आपण…’ तो म्हणाला, ‘आपण वेगळे झालोच नव्हतो? आपल्याला वेगळं केलं? आणि हुकूम आला तेव्हा कुणी काही बोललं का नाही?’

‘कोण बोलणार?’ कोपऱ्यातून आवाज आला.

सगळे वळले. गुरो हातात कापडाने धरलेली किटली घेऊन उभी होती.

‘सरकारी कागद. खाली शिक्का. वर लिहिलेलं, तुमची विनंती मंजूर,’ ती म्हणाली. ‘आमच्या घरी बसले होते सगळे बापे. माझे वडील म्हणाले, कळवा, चूक झाली. दुसरा म्हणाला, कुणाची चूक लिहायची, त्यांची का आपली? तिसरा म्हणाला, साहेबानं एवढा विचार करून मंजूर केलंय, आता नको म्हटलं तर वाईट दिसेल. मग कॉफी प्यायली आणि मोन्सला सरपंच केलं. कारण अर्ज त्याचा होता. निस्तर म्हणाले.’

‘आणि सुईण?’ टोर्लाइफने विचारले.

‘ती कशी येईल? आता ती दुसऱ्या पंचायतीची झाली.’

मग एलिंग उठला. एलिंग उठला की सभा अर्धा तास लांबे, म्हणून दोघांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या.

‘मला एक विचारायचंय,’ एलिंग म्हणाला. ‘या अर्जाचा निकाल लागला का?’

‘कुठल्या अर्जाचा?’

‘सुईणीच्या. मागितली सुईण. उत्तर आलं पंचायतीचं. म्हणजे सुईणीच्या अर्जाचं उत्तर आलेलंच नाही. अडुसष्ट वर्षं पेंडिंग आहे. आपण पंचायत बंद करून चाललो आणि एक अर्ज उघडा ठेवून चाललो. हे मला मान्य नाही.’

टोर्लाइफने फोटोकडे बघितले. त्याच्या मिशा हलल्या. मग त्याने वही पुढे ओढली.

‘ठराव,’ तो म्हणाला आणि लिहू लागला. ‘उर्विक पंचायत जिल्हाधिकाऱ्यांना आदरपूर्वक स्मरण करून देते की, ऑक्टोबर १८९५च्या अर्जातील सुईणीच्या… मास्तर, सुईणीतला सु कुठला?’

‘ऱ्हस्व,’ शूर म्हणाला. ‘ई दीर्घ.’

‘…सुईणीच्या मागणीवर अद्याप निर्णय कळलेला नाही. तरी हिवाळा तोंडावर असल्याने त्वरेने कळवावे. अनुकूल कोण?’

अकरा हात वर गेले. एलिंगने अनुकूल हात वर केल्याची उर्विकच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ होती, आणि दुसरीला आता जागा नव्हती.

‘आणि दगड?’ कुणीतरी विचारले.

‘दगडावर काय आहे सध्या?’

‘उर्विक.’

‘खोटं आहे का त्यात काही?’ टोर्लाइफने मास्तरला विचारले.

‘नाही,’ शूर म्हणाला.

‘मग पाथरवटाला सांगा, लांगनेसचे आजोबा घे हातात.’

सभा संपली. लोक कॉफीसाठी उठले आणि जो तो शूरला येऊन काहीतरी सांगू लागला. एक म्हणाला, माझी आजी त्या चारांतली. दुसऱ्याने त्या बाप्याची नक्कल केली, साहेबाला नको म्हटलं तर वाईट दिसेल म्हणणाऱ्याची, आणि ती इतकी हुबेहूब होती की तो माणूस कुणाचा आजोबा हे सगळ्यांना लगेच कळले. शूरने खिशातली ओळ चुरगळली. त्याला वाटले होते की आज बाप लहान होईल. तसे काही झालेले दिसत नव्हते. पण मोठाही राहिला नव्हता. भिंतीवरचा माणूस तोच होता, आणि शूर त्याला पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बघत होता. ‘मला फार भीती वाटते’ असे लिहिणाऱ्या माणसाची दाढी अशीच असणार, असे त्याला वाटले. नुकतीच हाताने ओढल्यासारखी.

गुरो त्याच्या समोरच्या बाकावर येऊन बसली. स्वतःच्या हातात कप घेऊन सभेच्या खोलीत बसलेली ती कुणी कधी बघितली नव्हती. तिने खडीसाखरेचा खडा दातांत धरला आणि त्यावरून कॉफीचा घोट घेतला.

‘तू होडीत झालास,’ ती म्हणाली.

‘मी घरी झालो. चर्चच्या वहीत तसं आहे.’

‘वही पाद्र्यानं लिहिली. होडीत मी होते.’ गुरोने खडा गालात सरकवला. ‘पंधरा वर्षांची. पाणी उपसायला घेतलं मला. जानेवारी होता, सकाळची वेळ. तुझा बाप वल्ही मारत होता आणि रडत होता.’

शूरने कप खाली ठेवला. ‘रडत होता?’

‘मोठ्यानं. मला वाटलं हाच आता मरतो. तुझी आई त्याला म्हणत होती, मोन्स, गप बस आणि डावीकडे घे. लांगनेसचा धक्का दिसायला लागला आणि तू आलास. मीच धरला तुला. मेंढ्यांची सवय होती. सुईणबाई धक्क्यावर उभी राहून ओरडत होती, असं धर, तसं धर. तिनं हात लावला तेव्हा तू अर्धा निळा होतास.’

‘मला कुणी कधी सांगितलं नाही हे.’

‘तू तीन महिन्यांचा झालास आणि तो कागद आला. तो सरपंच झाला. सरपंचाबद्दल असं कसं सांगणार? मला म्हणाला, गुरो, ते विसर. मी म्हटलं, बरं.’ तिने कॉफीचा आणखी एक घोट घेतला. ‘वर्षातून एकदा, तुझ्या वाढदिवसाला, मला मटणाचा तुकडा पाठवायचा. बोलायचा काही नाही.’

शूरने खिशातून पेन्सिल काढली. कागद शोधला, तर हाताला दुसऱ्या पानाचे पाकीट लागले. ते त्याने गुडघ्यावर उलटे ठेवले.

‘लिहू हे? पुस्तकात?’

‘लिही की. आता पंचायतच राहिली नाही, सरपंचाचा मान कुठला राखायचा?’ गुरो म्हणाली. ‘पण नीट लिही. वारा उत्तरेचा होता. लोक पुढे पश्चिमेचा म्हणतील.’

‘उत्तरेचा,’ शूरने लिहिले. ‘होडी कुणाची?’

‘एलिंगच्या बापाची. द्यायला कुरकुर केली त्यानं.’

‘वल्ही किती जोड्या?’

‘मास्तर, आधी कॉफी पी,’ गुरो म्हणाली. ‘गार होतेय. सांगते सगळं.’